दीपमालेची पात

माझ्या टोळीत पात, म्हणजे एकेकीच्या वाट्याची ओळ, मोकळी राहत नाय, हे आधीच सांगून ठेवते. अद्रक काढायला सकाळी बायका उभ्या राहिल्या की ज्या पातीला माणूस नाय, ती माझ्या डोळ्यात खुपते. कुणाला ताप आला, कुणाच्या लेकीला बघायला पाहुणे आले, ते मला सांगायचं नाय. तू येऊ नको, पण बदली पाठव. सासू पाठव, जाऊ पाठव, नणंद माहेरी आली असंल तर तिला पाठव. बदलीनं केलेली पात जिची तिच्याच नावावर धरायची. माझी सासू टोळी चालवायची तवा बी असंच होतं, अन् आता मी चालवते तरी असंच हाय. मळेवाला बांधावर उभा राहून डोकी मोजतो. त्याला तोंडं ओळखायची गरजच नाय. डोक्याला रुमाल, नाकावर पदर, हात मातीत. सगळ्याजणी सारख्याच दिसतेत.

लोक मला, दगडाबाईला, तोंडाळ म्हणतेत. म्हणू द्या. तोंड नसतं तर खुलताबादपासून वेरूळपर्यंतच्या मळेवाल्यांनी माझ्या बायका उन्हात वाळत घातल्या असत्या.

दीपमाला म्हणजे आमच्या सारजाबाईची सून. सारजाबाईला मालक नाय, एकच लेक, शिवम. तो वाळूजच्या कंपनीत. शुक्रवारी सुट्टी, तेवढा एक दिवस गावात येतो, झोपतो अन् जातो. घरात ह्या दोघीच. दीपमाला टोळीत आली तवा मी तिला शेवटची पात दिली होती, नवी पोरगी म्हणून. पण हात बघितला अन् दोन दिवसांत तिला माझ्या शेजारी घेतली. गड्डा उपटायचा, एक हिसका द्यायचा, माती खाली अन् गड्डा अखंड. बाकीच्या बायका मोडक्या अद्रकीचा ढीग करतेत, हिचा ढीग बघून व्यापारी खूश व्हायचा.

दिवाळीच्या मागं ती खोकायला लागली. मी म्हणलं, धूळ हाय, तोंडाला फडकं बांध. फडकं बांधलं. मंग ब्लाउज अंगात सैल झाला, मंग संध्याकाळचा ताप. खुलताबादला थुकी तपासली, टीबी निघाला. तिथून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवली, तर तिथं म्हणले, साध्या गोळ्यांना दाद देणारा हा टीबी नाय. वेगळ्या गोळ्या, सहा महिने, एक दिवस चुकवायचा नाय.

गल्लीतल्या सत्यभामानं सारजाबाईला सल्ला दिला, "बरी होईस्तोवर माहेरी पाठवून दे."

"माझी सून हाय ती, पाहुणी नाय," सारजाबाई म्हणली. "तुझ्या दारातलं पाणी प्यायला येत नाय ना ती? मंग तू गप बस."

ताट वेगळं केलं नाय तिनं. खाट तेवढी वसरीवर, वाऱ्याला टाकली. अन् सुनेची पात स्वतः धरली. सारजाबाई म्हणजे वाळलेली पऱ्हाटी. वाऱ्यानं हलंल अशी बाई, पण अद्रकीच्या बेडावर, त्या वरंब्यावर, बसली की उठायची नाय. दीपमालेइतका हात नव्हता, गड्डे मोडायची. मी कुरकुर केली, पण पात तिच्या सुनेच्या नावावर धरली. रीतच हाय ती.

गोळ्या सुरू झाल्या अन् ताप गेला, खोकला बी कमी झाला. पण पोरीचे पाय पेटले. मी एकदा संध्याकाळी गेले तर बादलीत गार पाणी घेऊन त्यात पाय बुडवून बसलेली.

"काय करू राहिली गं?"

"दगडाबाई, निखाऱ्यावर उभं केल्यावानी होतं ओ," ती म्हणली. "अन् मंग एकदम कळतच नाय. पाय हायेत का नायेत, हात लावून बघावं लागतं."

दर महिन्याला शहरात जायचं, उपाशीपोटी रगत द्यायचं. दुपारच्या भाकरीला सारजाबाई त्यावरच बोलायची.

"नळ्याच्या नळ्या भरून घेतेत गं. एकीचं बूच जांभळं, एकीचं पिवळं. ती पोरगी वाळून काडी झाली, तिच्या अंगात हाय काय?"

"तपासायला घेतेत," मी म्हणलं.

"थुकी तपासली की. थुकीत रोग निघाला की. आता रगत कशाला?" तिनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "एवढ्या महागाच्या गोळ्या फुकट कोण देतं, सांग बरं मला? गोळ्या देतेत अन् त्याच्या बदल्यात रगत घेतेत. चालायचंच. पण माणूस बघून तरी घ्यावं."

टोळीतल्या बायकांनी माना हलवल्या. आमच्यातल्या कुणाला फुकट काय मिळालंय आजवर?

दुसऱ्या महिन्याला डॉक्टर म्हणले, रगत लई उतरलं. एक गोळी त्यांनी बंद केली, बाकीच्या चालू ठेवल्या. दोन आठवड्यांनी परत रगत द्या, ते बघून ठरवू. घरी येताना सारजाबाईच्या डोक्यात एवढंच राहिलं की पोरीच्या अंगातलं रगत संपत आलंय अन् ह्यांना अजून पाहिजे.

त्या दोन आठवड्यांनी ती मला म्हणली, "उद्या मी येत नाय. शहरात जायचंय."

"मंग बदली?"

"आता बदलीची बदली कुठून आणू बाई? तूच बघ."

मी बघितली. माझी पात करून दुसऱ्या दिवशी तिची बी केली. कंबर मोडली, तोंडानं शिव्या घातल्या, पण केली. मला वाटलं दोघी सासू-सुना गेल्या. संध्याकाळी सारजाबाई काळीपिवळी जीपमधून उतरली तर चेहरा कसा उजळलेला. कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटलेला होता, तो तवा मी बघितला नाय. पदराखाली होता.

चार दिवसांनी शिवमला फोन आला. रगत भरलं, बाराला गेलं, ती गोळी परत सुरू करा. आशाताई करुणा घरी येऊन गोळी देऊन गेली. डॉक्टरीणबाई फोनवर एवढ्या खूश की विचारत होत्या, खायला काय घालता? सारजाबाईनं सगळ्या गल्लीला सांगितलं. देवापुढं उदबत्ती लावली. मला म्हणली, "लागू पडलं बघ औषध."

मी दीपमालेकडं बघितलं. ओठ पांढरे, नखं पांढरी. वसरीवरून उठून चुलीपाशी जाईपर्यंत दम लागायचा.

"गं, ही अशी का दिसू राहिली?"

"गोळ्या गरम पडतेत," सारजाबाई म्हणली. पण माझ्याकडं बघून नाय म्हणली.

मंग तो दिवस. ऊन चांगलं तापलेलं. आम्ही बेडावर होतो अन् बांधावरून दीपमाला येताना दिसली, हातात सासूच्या भाकरीचं फडकं. सारजाबाई सकाळी भाकरी विसरून आली होती. मी ओरडले, "अगं कशाला आलीस मरायला?" ती हसली. अन् माझी नजर खाली गेली. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. चप्पल मागं बांधावरच सुटलेली अन् हिला पत्ता नाय. खणलेल्या ढेकळातून, टिकाव-खुरपी पडलेल्या वाटेनं ती तशीच चालत येत होती. पायाखाली खुरप्याचं पातं आलं. मला दिसलं, मी ओरडले. तिनं त्याच्यावर पाय दिला अन् पुढं चालत राहिली.

"पाय! अगं, पाय बघ!"

तिनं वाकून बघितलं अन् वाकली ती तशीच आडवी झाली. मी तळवा धरला. चांगलं बोटभर फाटलं होतं. अन् रगत म्हणावं तर ते रगत नव्हतं. फडक्यावर पडलं ते फिकं, पाण्यासारखं. आम्ही ज्या पाण्यात हात धुतो, त्याला जास्त रंग असतो.

सारजाबाई जागेवरून हलली नाय. हातात गड्डा होता तो तसाच. मी म्हणलं घाबरली असंल.

अद्रकीच्या गाडीत पोती बाजूला सारून दीपमालेला घातली अन् शहरात नेली. शिवम वाळूजहून परस्पर आला. दवाखान्यात तोंडाला मास्क बांधून आम्ही तिघं बाकावर बसलो. आमच्या अंगाला अद्रकीचा वास, माझ्या हातावर माती. एक बाई सरकून बसली. बस म्हणलं, लांबच बस.

एक मोठे डॉक्टर अन् ती फोनवाली डॉक्टरीणबाई, सायली मॅडम, दोघं आले. मॅडमच्या हातात कागद.

"हिमोग्लोबिन पाच आहे," मॅडम म्हणल्या. "मागच्या वेळी बारा होतं. एवढं रक्त गेलं कुठं?"

मंग प्रश्न सुरू झाले. उलटीतून रगत पडलं का? शौचाला काळी होती का? पाळी जास्त गेली का? पोट राहिलं होतं का, पडलं का? शिवम मान हलवत होता, त्याला यातलं काय बी ठाऊक नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणले, आत कुठंतरी रक्तस्राव असणार. नळी घालून पोटात बघावं लागेल, पण या अवस्थेत धोका आहे. मंग रगत काढणाऱ्या माणसाला बोलवलं. प्रणय नाव त्याचं, दाराशी उभा राहिला.

"नळ्या बदलल्या असतील तुम्ही," मोठे डॉक्टर म्हणले. "कुणाचं रक्त कुणाच्या नावावर चढवलंत? माणूस मेलं असतं."

"सर, नाव पुकारलं, बाई आल्या, मी समोरच चिठ्ठी चिकटवली."

"मग हे बारा कुठून आलं?"

मोठे डॉक्टर म्हणले, लेखी द्या, वर कळवावं लागेल.

सारजाबाई उठली. बाकाला धरून उठली.

"त्याला बोलू नका साहेब," ती म्हणली. "त्यानं बरोबर काढलं. ते रगत माझं होतं."

मला वाटलं बाईला भोवळ आली, मी तिचा हात धरला. तिनं सोडवला.

"ती वसरीवर पडलेली होती. उठवत नव्हतं तिला. म्हणलं झोप, मी गोळ्या घेऊन येते. तिला वाटलं मी गोळ्यालाच गेले. इथं नाव पुकारलं, मी हात पुढं केला. तोंडाला मास्क होता. त्यांनी हात बघितला, तोंड नाय बघितलं." मंग ती माझ्याकडं वळली, जणू मला समजंल म्हणून. "तिच्यात राहिलंच नव्हतं गं. मी बदली दिली."

तिनं काय केलं ते मला एका शब्दात कळलं. डॉक्टरांना कळेना. मॅडम म्हणल्या, "बदली म्हणजे?" मी सांगितलं. पात, टोळी, जिची तिच्या नावावर, सगळं सांगितलं.

सायली मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांनी रागवायला पाहिजे होतं. त्या नाय रागवल्या, ते जास्त वाईट.

"मावशी," त्या म्हणल्या, "त्या गोळ्यांत एक गोळी अशी आहे, ती टीबी मारते पण पेशंटचं रक्तही उतरवते, पायही बधिर करते. म्हणून आम्ही रक्त बघतो. फार उतरलं की गोळी थांबवतो. आम्ही थांबवली होती ना? मग तुमचं रक्त बघितलं अन् तिला गोळी दिली."

सारजाबाईनं बाक चाचपला अन् खाली बसली.

"अन् दुसरी नळी?" मी विचारलं. "पिवळ्या बुचाची?"

"ती माझ्या अभ्यासाची. टीबीत रक्तातली चरबी उतरते. औषध लागू पडलं की ती किती चढते, ते मी बघत होते. दीपमालाची एकदम चढलेली आली. मी सगळ्यांना दाखवत फिरले." त्यांनी हातातला कागद उलटा ठेवला. "ती तुमची होती, मावशी. तुम्हाला बरीच जास्त आहे. तुम्हालाही औषध घ्यावं लागेल."

सारजाबाईला स्वतःच्या चरबीचं काय सोयरसुतक. तिनं भलतंच विचारलं.

"बघून झाल्यावर त्या रगताचं काय करता?"

"फेकून देतो."

"फेकून देता?" ती म्हणली. "ठेवून नाय घेत? गोळ्यांच्या बदल्यात नाय?"

"गोळ्या सरकारच्या आहेत. त्यांच्या बदल्यात काही द्यायचं नसतं."

"मंग हे मला कुणी का नाय सांगितलं?"

मॅडमनी शिवमकडं बघितलं. सही घेतली तवा त्याला सगळं समजावून दिलं होतं म्हणे. तवा सारजाबाई बाहेर पिशव्या सांभाळत बसली होती. शिवम खाली बघत म्हणला, "मला वाटलं, आईला काय सांगायचं त्यात." मी त्याला तिथंच झोडपला असता. सुनेची खाट उचलणारी ती, पाय चोळणारी ती, गोळी हातावर ठेवणारी ती, अन् सांगितलं कुणाला, तर शुक्रवारी झोपायला येणाऱ्याला!

सारजाबाई मॅडमच्या पायावर वाकली. "तिचं नाव कापू नका. मला काय करायचं ते करा."

"अभ्यासातून तिचं नाव काढावं लागेल," मॅडमनी तिला वर उचललं. "उपचारातून नाही. गोळ्या चालू राहतील, ती एक सोडून. आधी तिला रक्त चढवू. तुम्ही आत्ता बोललात म्हणून तिच्या पोटात नळी घालायची टळली."

प्रणय अजून दाराशीच उभा होता. जाताना तो सारजाबाईला पाणी देऊन गेला.

रक्तपेढीच्या खिडकीवरची बाई म्हणली, "तिच्या गटाच्या पिशव्या देतो. तुमच्यातल्या दोघांनी बदली रक्त द्या. कुठलाही गट चालेल."

बदली म्हणल्याबरोबर सारजाबाई पुढं झाली. पदर सावरून बाही वर केली, तो उन्हानं काळा पडलेला, शिरा टरारलेला हात खिडकीत घातला. "घ्या. आता खरंच लागतंय ना? घ्या."

"आधी वजन करा."

ती काट्यावर चढली. बाईनं वाकून बघितलं अन् मान हलवली. "पंचेचाळीस लागतं. तुमचं एक्केचाळीस आहे. नाही घेता येणार."

सारजाबाई उतरली. चपला घातल्या. कमरेची पिशवी, पान-तंबाखूची, नीट खोचली अन् परत चढली. काटा तिथंच.

"आज भाकरी खाल्ली नाय म्हणून," ती म्हणली. "भाकरी खाऊन येते."

"मावशी, भाकरीनं नाही होत."

मला सुईची लई भीती वाटते. बाळंतपणात नर्सचा हात पिरगळला होता मी. पण त्या दिवशी मी मुकाट्यानं जाऊन आडवी झाले, दुसऱ्या खाटेवर शिवम. दाराच्या काचेतून बघितलं तर सारजाबाई बाहेर भिंतीला टेकून उभी, माझ्या चपला दोन्ही हातांनी छातीशी धरलेल्या. मला रडू आलं. नर्सला वाटलं सुई टोचली म्हणून.

दीपमाला वाचली. रंग आला, दम कमी झाला, पायाची जखम लई दिवसांनी भरली. टीबी पण हटला, थुकीत आता काय निघत नाय. पण पाय आले नायत. डॉक्टर म्हणले, येतील हळूहळू, किंवा येणार बी नायत. पोरगी बाविशीतली. अंगणात चालते तर खाली बघून चालते.

तिला सगळं कळलं होतं. शिवमनं सांगितलं. भांडली नाय ती, रडली बी नाय. सासूशी बोलायचीच बंद झाली. सारजाबाई ताट ठेवायची, ती खायची. सारजाबाई गोळ्या ठेवायची, ती घ्यायची. काय पाहिजे असलं तर करुणाला सांगायची, करुणा सारजाबाईला सांगायची. दर महिन्याला दोघी एकाच गाडीत शेजारी बसून शहरात जायच्या. खिडकीत आता मास्क खाली घ्यायला लावतेत, कार्डावरचा फोटो बघतेत, मंगच सुई. तेवढा वेळ सारजाबाई लांब, जिन्यापाशी उभी राहायची. दोन्ही हात पदरात.

मी मधे पडले नाय. काय म्हणणार होते? सासूनं जीव टाकला हे खरं, अन् सुनेचे पाय गेले हे बी खरं. अन् ती रीत माझ्याच टोळीची.

टोळीत सारजाबाई येतच राहिली. दीपमालेच्याच पातीवर. पहिल्यासारखी बडबड नाय. आता गड्डे मोडायची नाय ती, एकेक असा उपटायची की जणू दुखंल त्याला.

शेवटचा मळा राहिला होता. अद्रक संपत आलेली, मळेवाला घाई करू राहिला होता, बांधावर उभा राहून डोकी मोजत होता. तेवढ्यात दीपमाला दिसली. परत भाकरीचं फडकं हातात. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मळ्याकडं आली होती, पाय बघत बघत. बांध चढली अन् थांबली. खाली बघितलं. एक पाय उघडा होता. मागं वळून बघितलं, पुढं बघितलं. गवत वाढलेलं, चप्पल कुठं सुटली तिला कळेना. आम्ही सगळ्याजणी हातातलं काम टाकून बघत राहिलो. मी उठणार होते. शेजारच्या पातीवरच्या मालनबाईनं माझा पदर धरला.

दीपमाला तशीच उभी होती. मंग तिनं हाक मारली, फार मोठ्यानं बी नाय.

"आत्याबाई, माझी चप्पल कुठं सुटली बघा जरा."

सारजाबाईनं खुरपं टाकलं. आडवी-तिडवी, बेड तुडवत गेली, गड्ड्यांवर पाय देत. गवतात वाकून वाकून शोधली, विहिरीपाशी सापडली. घेऊन आली अन् सुनेपुढं खाली बसली. पाय मांडीवर घेतला, तळव्याला कुठं लागलंय का ते फिरवून फिरवून बघितलं, पदरानं माती पुसली अन् चप्पल चढवली. दीपमालेनं तोल जाऊ नये म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिथंच राहिला.

दोघी बांधावर बसल्या. फडकं सोडलं.

"दगडाबाई," मळेवाला ओरडला, "ती मधली पात मोकळी हाय!"

"दिसती मला," मी म्हणलं. "राहू द्या."